दुमानच्या अंगणातला मीटरवाला

गुलिझार दुधाची चरवी घेऊन मेंढवाड्यातून परतली, तर गोवऱ्यांच्या ढिगावर एक तरुण पाय पोटाशी घेऊन बसलेला. खाली दुमान — सत्तर किलोचा, काळ्या तोंडाचा, मेंढ्या राखणारा कांगल कुत्रा, गळ्यात लांडग्यांपासून वाचवणारा खिळ्यांचा पट्टा — शांतपणे त्याच्याकडे बघत होता.

“कधीपासून बसलात?”

“दुपारच्या अझानपासून. मी तुंजाय... विजेचं मीटर बघायला आलोय.”

“चावला?”

“नाही. पण उतरूही देत नाही.”

“हाक न मारता फाटक उघडलंत ना? मग बसा,” ती म्हणाली, पण डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाआड हसू काही मावेना.

पुढच्या महिन्यात तो फाटकाबाहेरूनच हाका मारत होता. मग दर आठवड्याला येऊ लागला.

“आमचं मीटर फार पळतं वाटतं?”

“लक्ष ठेवलेलं बरं,” तो म्हणायचा, आणि लक्ष भलतीकडेच असायचं. दोघांच्या मध्ये दुमान आडवा पसरायचा. तुंजाय वीतभर सरकला की घशातून बारीक गुरगुर... त्याने आणलेल्या मांसाकडे तर तो ढुंकूनही बघत नसे.

गव्हाची कापणी झाली, आणि एक दिवस तुंजाय पडल्या चेहऱ्याने आला.

“इझमीरला बदली होतेय. मीच मागितली होती, तुम्ही भेटायच्या आधी... तिसऱ्या मजल्यावर घर मिळेल, समुद्र दिसेल. चल ना माझ्याबरोबर. दुमानलाही नेऊ.”

तो पहिल्यांदाच ‘चल’ म्हणाला होता. तिच्या हातातली लोकर तशीच राहिली. चाळीस मेंढ्या, गुडघे धरलेले बाबा... ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

“तिसऱ्या मजल्यावर तो झुरेल. त्याला मोकळं रान लागतं. सांगितलेलं ऐकत नाही, स्वतःच्या मनाने ठरवतो. परक्यावर विश्वास टाकायला वर्ष लावतो. पण एकदा आपलं मानलं, की लांडगा अंगावर आला तरी जागचा हलत नाही.”

“हे सगळं दुमानबद्दल ना?” तुंजायने हळूच विचारलं.

“नाहीतर कुणाबद्दल?” तिचे कान तापले होते.

तो फाटक ओढून घेऊन निघून गेला. दहा दिवस फाटक वाजलं नाही. दूध काढताना दोनदा चरवी लवंडली, तर बाबा नुसतेच बघत राहिले.

अकराव्या दिवशी तुंजाय आला. गणवेश नव्हता, खांद्याला कामाची पिशवी नव्हती.

“बदलीचा अर्ज मागे घेतला,” तो फाटकातूनच म्हणाला. “समुद्र काय... कधीतरी बघून येऊ. दोघं.”

दुमान उठला. त्याच्याभोवती एक फेरी मारली, हात हुंगला, आणि सगळं वजन टाकून त्याच्या मांडीला असा टेकला की तुंजाय मातीतच बसला. गुलिझारला हसावं की रडावं कळेना.

आतून बाबांचा आवाज आला, “गुलिझार, फाटक वाजलं ना? कुत्रा कसा भुंकला नाही? कोण आलंय?”

तिने तुंजायकडे पाहिलं — पुरतं, नजर न चुकवता.

“आपलंच माणूस आहे, बाबा.”