पहिली तळटीप

तर्नोवोच्या विद्यापीठातल्या आपल्या खोलीत नेवेना राशकोवा पुस्तकाची मुद्रितं तपासत बसली होती. विषय होता सणावारांच्या पावांवरची नक्षी. खिडकीबाहेर नदीवर धुकं उतरलं होतं. टेबलावरचा चहा निवत चालला होता.

"बाई, पहिलीच तळटीप उडवलीत," संपादक पेन्चो म्हणाला. "आता तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या खालच्या सगळ्या 'तत्रैव' कुणाच्या दारात उभ्या राहणार? पोरक्या झाल्या की बिचाऱ्या."

"तिथं 'लेखिकेची स्वतःची टिपणं' असं घाल."

पहिल्या तळटिपेत इस्क्रा द्रुमेवाचं नाव होतं. गावोगाव फिरून ती नक्षी इस्क्रानंच टिपली होती. गेल्या हिवाळ्यात ती वारली आणि तिचं बाड मैत्रिणीकडे, नेवेनाकडे राहिलं. पुस्तकामागचा नेवेनाचा फोटोही इस्क्रानंच काढलेला. नेवेनानं त्याखालचं इस्क्राचं नावही खोडलं. याच पुस्तकावर तिचं प्राध्यापकपद अडलं होतं.

इस्क्राची आई, स्तोयना मावशी, एकदा येऊन गेली होती. डोक्याला काळा रुमाल, बोटांना मेणबत्तीच्या मेणाचा वास.

"एका ओळीत तिचं नाव घाल, लेकी. दुसरं काही नको मला."

"छापलेलं नसेल तर संदर्भ देत नाहीत, मावशी. नियम आहे तसा."

असा नियम नव्हता. मावशीनं रुमालाची गाठ घट्ट केली.

"बरं," ती हळूच म्हणाली. "मी रोज देवापुढे मेणबत्ती लावते, तिथं सांगेन. तिथले नियम वेगळे असतात."

पुस्तक आलं. पद मिळालं. त्याच आठवड्यात खानावळीत पेन्चो नेवेनाला म्हणाला, "इस्क्राबाई, मीठ सरकवा जरा."

आता सगळे हसतील म्हणून नेवेना थांबली. कुणी हसलं नाही.

ग्रंथालयात जाऊन तिनं आपलं पहिलं पुस्तक मागवलं. ते तर तिनं एकटीनं, शब्दन् शब्द स्वतः लिहिलेलं. शीर्षक तेच होतं, तिरप्या ठशात. वर नाव होतं इस्क्रा द्रुमेवा. पानं जुनी, पिवळी पडलेली.

खोलीच्या दारावरची पाटीही इस्क्राच्याच नावाची होती. पाटीचे स्क्रू गंजून लाकडात रुतले होते.

तिनं आईला फोन लावला.

"आई, मी नेवेना."

"असली थट्टा करू नये गं, इस्क्रा. माझी पोर जाऊन वर्ष होईल आता."

मृतांच्या शनिवारी, गेलेल्यांच्या नावानं गहू वाटायच्या दिवशी, सकाळी ती कबरस्तानात धावली. मावशी एका कबरीपाशी उभी होती.

"मावशी, चुकले मी. नवी आवृत्ती काढते. पहिल्याच पानावर तिचं नाव घालते."

मावशी मंद हसली. "आईला मावशी कधीपासून म्हणायला लागलीस?" तिनं साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाची वाटी नेवेनाच्या हातात ठेवली. "घे. मैत्रिणीच्या नावानं खा."

हे गहू हातात आले की जे म्हणायचं असतं, ते लहानपणापासूनच्या सवयीनं नेवेनाच्या तोंडून निघून गेलं.

"देव तिला क्षमा करो."

मग तिनं दगडाकडे पाहिलं.

त्यात बसवलेला फोटो तिचा स्वतःचा होता. पुस्तकामागचा.

खाली बारीक अक्षरांत, अगदी नियमानं कोरलं होतं :

छायाचित्र : इस्क्रा द्रुमेवा.