मुद्देमालातला मॉनिटर

संगणक जप्त करायला गेलेली मंडळी नुसता मॉनिटर उचलून आली, यात त्यांना हसण्यासारखं काही नव्हतं. साल २००३. शिरूर तालुक्यातल्या त्या पोलीस चौकीत कुणाच्याच घरी संगणक नव्हता. टीव्हीसारखं दिसतं तोच संगणक, अशी सगळ्यांची पक्की समजूत. ज्याच्या ऑफिसातून तो उचलला, त्या लेबर कॉन्ट्रॅक्टरनं तर हसतमुखानं स्वतः हात लावून तो जीपमध्ये ठेवला. टेबलाखालचा खरा डबा दुसऱ्या दिवशी जागेवर नव्हता.

राजश्री त्याच्याकडे रांजणगावच्या मजुरांच्या हजेऱ्या टाइप करायची. दिवाळीपासून ती बेपत्ता होती. गेली असेल कुणाबरोबर पळून, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता.

प्रयोगशाळेनं मॉनिटर परत पाठवला. यात काही साठवलेलं नसतं, एवढाच निरोप. मुद्देमालाची खोली सांभाळणाऱ्या मच्छिंद्र हवालदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कासुर्डीहून दोन गाड्या बदलून येणाऱ्या राजश्रीच्या आईला, दगडाबाईला, हे सांगायचं त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

त्यानं सांगितलं. ती रडली नाही. पोरगी दिवसभर ज्याच्यापुढं बसायची, त्याच्यापुढं घटकाभर बसू द्या, एवढंच तिनं मागितलं. मच्छिंद्रनं नियम गुंडाळून ठेवला, मॉनिटरचं कापड सोडलं आणि तिला स्टूल दिलं. खोलीत लाखेचा आणि जप्त केलेल्या हातभट्टीचा वास कोंडला होता. दगडाबाई काळ्या काचेकडे बघत राहिली. हळूहळू तिचे ओठ हलू लागले.

बऱ्याच वेळानं तो तिला उठवायला गेला.

"जरा दम धरा दादा," ती म्हणाली. "ती लिहितीया."

दुःखानं बाईचं डोकं फिरलं, असं वाटून त्यानं चहा मागवला. दगडाबाईला अक्षरओळखही नव्हती.

चहावर साय धरली. मग ती उठली.

"खडीच्या क्रशरमागच्या बंद खाणीत हाय. चला."

कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. ती चपला घालत होती.

साहेबांना काय सांगून त्यानं जीप काढली, ते त्यालाच ठाऊक. खाणीतलं पाणी उपसलं. राजश्री तिथं होती. मच्छिंद्र बाजूला जाऊन रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

कॉन्ट्रॅक्टरला धरून आणलं. दगडाबाईचा जबाब झाला. तरी ती पुन्हा त्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली. मच्छिंद्र मॉनिटर झाकायला कापड घेऊन आला.

त्याचा हात काचेला लागला.

काच गरम होती. हातावरचे केस ताठ झाले.

त्यानं मागं वाकून पाहिलं. वायर लावायची खोबण रिकामी होती. वायर कुणी कधी आणलीच नव्हती.

"झाकू नगा," दगडाबाई हळूच म्हणाली. "राजश्री उठली. आता दुसरी बसलीया."

"कोण?"

"मला वळखू येईना. तिच्या आईला बोलवा."