कबुनारे आजोबांचं अळू

“ही तिसरी विहीर. आता तू चाख,” म्हणत रितेतीने करवंटी पुढे केली.

तेबिरियाने घोट घेतला. पहिल्या दोन्हींपेक्षा खारट.

“म्हणजे आपण खाऱ्याच्या मागावर बरोबर चाललोय,” रितेती खूश झाला.

किरिबातीतलं त्यांचं बेट एवढं अरुंद, की एका किनाऱ्याच्या लाटा दुसऱ्या किनाऱ्यावर ऐकू येतात. सुट्टी लागल्यापासून दोघं एकाच कोड्यामागे होती: जमिनीतल्या गोड्या पाण्यापर्यंत खणलेल्या कबुनारे आजोबांच्या खड्ड्यातलं अळू पिवळं का पडतंय? लोक म्हणत, म्हातारा आळशी झाला. आजोबा मुकाट्याने पिवळी पानं खुडत.

चौथी विहीर तेबिरियाच्या तिआओनमामाची, नव्या पंपाची. ती मागे रेंगाळली. तिथलं पाणी तोंडात धरवेना.

“पंपानेच झालं हे,” रितेती म्हणाला. “जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं तरंगतं. फार ओरपलं की खालचं खारं वर येतं.”

पंपाशी उभा असलेला तिआओनमामा हसला. “काहीतरीच. भरतीचं पाणी शिरलं असेल.”

“बरं. चहा तरी घ्या.” रितेतीने मामाच्याच चुलीवर केलेल्या चहाचा पेला दिला. “तुमच्याच विहिरीचा, पावसाच्या पाण्याचा नाही.”

मामाने घोट घेतला आणि थुंकला.

“नळी किती खोल सोडलीय, मामा?”

“तळापर्यंत,” मामाचा आवाज उतरला. “पण रोज तासभरच तर लावतो.”

“तासभर नाही,” तेबिरिया म्हणाली. “टाकी भरली की बंद कर, असं तू मला सांगितलं होतंस. मी पोहायला जायचे. तीन आठवडे पंप दुपारभर चालायचा.”

कोणी ओरडलं नाही. तिला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी सभाघरात थोरांनी ठरवलं: पंप बंद, विहिरी गोड होईपर्यंत पावसाचं साठवलेलं पाणी प्यायचं. मग एक वडीलधारे म्हणाले, “आपण म्हाताऱ्याला नावं ठेवत बसलो. या पोरांनी जिभेने चोर पकडला.” टाळ्या पडल्या. तेबिरियाची मान वर होईना.

ती कबुनारे आजोबांपुढे जाऊन बसली. “चोर मीच होते, आजोबा. लोक तुम्हाला बोलत होते, तेव्हा मी गप्प राहिले.”

“कधी कळलं तुला?”

“पहिल्याच विहिरीवर. पाणी खारट लागलं आणि चालू सोडलेला पंप आठवला.”

आजोबांनी तिच्यासाठी चटईवर जागा केली. “आणि तरी चौथीपर्यंत चालत गेलीस,” ते म्हणाले. “सकाळी ये. चार रोपं अजून हिरवी आहेत, ती पंपापासून लांबच्या दुसऱ्या खड्ड्यात हलवायचीत. मला एकट्याला उचलवत नाहीत.”

तिने मान डोलावली. रडू आलं ते घरी जाताना, वाटेत.