फरकाची खूण

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका छोट्या ऑफिसात इंद्रायणी फोटोंना शब्द लावायची. जाहिरातींसाठी विकायचे फोटो. गिऱ्हाइकाला शोधता यावेत म्हणून प्रत्येकाखाली ‘पुरुष’, ‘चष्मा’, ‘टोपी’ असं लिहायचं. या आठवड्यात नामांकित माणसांसारख्या दिसणाऱ्या मॉडेलांचा गठ्ठा आला होता. तोतयांचा बाजारच म्हणा ना. नियम दोनच. अस्सल माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि मॉडेल त्याच्याहून कुठं वेगळा आहे ती एक खूण नोंदवायची. एकदा पाठवलेली नोंद बदलता येत नसे.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिनं पुढचा फोटो उघडला, तर त्यात तिचा नवरा बसला होता.

स्टुलावर, हात मांडीवर ठेवून, हसत. तेच कान, तेच जरा वाकडं नाक. अवधूत एका कॉलेजात लिपिक. नामांकित कसला, गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्याला ओळख देत नसे. तिला आधी हसूच आलं. पण फोटो पाठवणाऱ्यानं भरायचा ‘मूळ व्यक्ती’ हा रकाना कोरा होता.

“मल्लिनाथ, बघ की. डिट्टो आमचे हे.”

शेजारच्या टेबलावरून मल्लिनाथ डोकावला. “जगात एकासारखी सात माणसं असत्यात म्हणं, ताई. खूण शोधा अन् द्या पाठवून.”

खूण काही सापडेना. कूलर घरघरत होता, तरी तिच्या मानेवर घाम आला. फोटो मोठा केला तेव्हा कुठं दिसलं. अवधूत लहानपणी केम गावच्या रेल्वे स्टेशनात पडला होता, त्याचा व्रण त्याच्या उजव्या भुवईत होता. फोटोतली भुवई सलग होती. तिचा जीव भांड्यात पडला. ‘पुरुष, स्टूल, हात मांडीवर, हसरा. फरक: उजव्या भुवईत व्रण नाही.’ तिनं नोंद पाठवून दिली.

संध्याकाळी अवधूतनंच दार उघडलं. “दमलीस? बस, चहा टाकतो.”

उतरतं ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं. उजवी भुवई सलग होती.

“व्रण कुठं गेला?”

“कसला व्रण?” त्यानं साधेपणानं विचारलं आणि तो आत गेला.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या व्रणावर बोट ठेवून ती झोपायची. आता तिला त्याच्या पाठीची भीती वाटली. तिनं मल्लिनाथला फोन लावला. तो अजून ऑफिसातच होता.

“तो दुपारचा फोटो उघड. नोंद थांबव.”

“गेलेली नोंद कशी थांबणार?” मग पलीकडून माउसची टिकटिक ऐकू आली. “पण ताई, तुमी चुकलात की. व्रण हाय ह्याच्या भुवईत.”

“नीट बघ,” ती म्हणाली.

“अन्... हात मांडीवर न्हाईत. दोन्ही तळवे पुढं धरलेत ह्यानं. काचेवर दाबल्यागत...”

स्वयंपाकघरात कपबश्या वाजल्या. “इंदू, आलं घालू ना?” आतल्या माणसानं विचारलं. आवाज अवधूतचाच होता.

“ताई, ऐकताय न्हवं?” मल्लिनाथ हळू आवाजात म्हणाला. “तुमी हसरा लिवलंय... हा हसत न्हाई हो.”