कापसाचा बर्फ

परभणीत बर्फ बघायचा तर रसवंतीवर, लाकडाच्या भुशात. त्यामुळं कॉलेजच्या छोट्याशा संग्रहालयासाठी ध्रुवाकडं हरवलेल्या एका मोहिमेचा देखावा करायचं ठरलं, तेव्हा चित्रकलेचे अनंतराव आधी स्वतःशीच हसले. मग हट्टाला पेटले. लांबलचक काचपेटीत त्यांनी पिंजलेला कापूस अंथरला, वर मीठ भुरभुरलं. पलीकडच्या टोकाला बर्फात चिरडलेली दोन लाकडी जहाजं आणि त्यांच्यापाशी शाडूची बोटभर माणसं. त्या मोहिमेतलं कुणीच परत आलं नव्हतं.

झरीहून त्यांची आई धुरपताबाई देखावा बघायला आल्या. काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ह्यो आपला भुजंग हाय."

एका पुतळ्याचा डावा खांदा पडलेला होता. घडवताना अनंतरावांचा हात आपसूक तसा वळला होता. त्यांच्याही ते आत्ताच लक्षात आलं. भुजंग त्यांचा धाकटा भाऊ, त्याचाही डावा खांदा असाच पडलेला. मालाच्या जहाजावर खलाशी होता. जहाज बुडालं, त्याचं प्रेतसुद्धा सापडलं नाही. या वैशाखात त्याला बारा वर्षं होत होती.

बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा आणि हरवलेल्याला मेला म्हणायचं, ही रीत. भुजंगची मुलगी विमल लग्नाला आली होती. पाहुण्यांनी बजावलं होतं, बाप हाय का न्हाई ते एकदा ठरवा, मग पुढचं बोलू. विमलची आई सुमंगला रोज कुंकू लावत होती आणि याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. अनंतरावांनी तिथी धरली.

नामांतराच्या मोर्च्यांमुळं त्या दिवसांत कॉलेज बंद होतं. संग्रहालयाची किल्ली अनंतरावांकडंच असायची. दुपारी ते पेटी पुसायला गेले, तर पडलेल्या खांद्याचा पुतळा जहाजांपासून दूर आलेला. उंदीर असेल, असं म्हणत त्यांनी झाकण उचलून तो जागेवर ठेवला. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि काच मात्र गारठ्यानं हाताला झोंबत होती.

दुसऱ्या दिवशी तो पेटीच्या मध्यावर होता. मागं मिठात बारीक पावलं उमटली होती, ती उंदराची नव्हती. या खेपेला अनंतरावांनी त्याला हात लावला नाही. त्यांना भीती वाटली, हे खरं.

घरी, तिथीसाठी मुक्कामाला आलेल्या आईपुढं ते ओझरतं बोलून गेले. धुरपताबाई ताडकन उठून बसल्या.

"चालत यायलाय लेकरू माझं. थांब अनंता. तिथी मोडून टाक."

"माय, शाडूचा हाय तो. मीच केलाय."

"तू केलास म्हणूनच म्हणायले."

सुमंगला दाराशी उभी होती. "दादा, थोडं थांबलं तर लय बिघडंल का?"

"पाहुणे थांबायचे न्हाईत," अनंतराव खाली बघत म्हणाले. मिठाच्या पेटीपायी पोरीचं लग्न मोडू द्यायचं, हे त्यांच्या बुद्धीला पटेना.

दुधनेच्या काठी दर्भाचा पुतळा ठेवला. दर्भ खडखडीत वाळलेला, तरी पेट घेईना. त्यातून थेंब थेंब पाणी ठिबकत राहिलं. भटजींनी तूप ओतलं. मग तो एकदम भडकला. बायकांनी सुमंगलाचं कुंकू पुसलं. धुरपताबाई आल्याच नव्हत्या.

परतताना सुमंगला म्हणाली, "दादा, मला ती पेटी दाखवा."

अनंतरावांनी कुलूप काढलं.

बाकीची माणसं जागच्या जागी होती.

तो मात्र अलीकडच्या काचेपर्यंत पोचला होता. कोळशासारखा काळा. पायाखालच्या कापसाला साधा चटकासुद्धा बसला नव्हता.

काच आतून गोठून पांढरी झाली होती. तिच्यावर एका ठिकाणी पंजा उमटला होता. पुरत्या वाढलेल्या पुरुषाचा.

अनंतरावांनी रुमालानं तो पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

सुमंगला पुढं झाली. तिनं त्या पंजावर आपला तळहात टेकवला आणि तशीच उभी राहिली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "एवढीच जागा अजून उबदार हाय."