येतंय म्हण

देवबागात हौसाबाईच्या घराला उभ्या जन्मात कुलूप लागलं नव्हतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे हातभर वाळू. चोर पळेल तरी कुठे, असं ती म्हणायची. पण सून अनुजा मालवणात बँकेत कामाला. तिने दाराला ओढलं की आपोआप बंद होणारं लॅच बसवलं. "आपणहून मिटता ता तोंड बरा, दार नाय," असं हौसाबाईने तेव्हाच सुनावलं होतं.

त्या दुपारी दूध गॅसवर ठेवून ती अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलथायला बाहेर आली. वाऱ्याने दार आपटलं. खट्.

आत दोन वर्षांची नात सृष्टी झोपलेली. किल्ली आत, मोबाइल आत. मांजर शिरतं म्हणून मागचं दार तिनेच आतून लावलेलं, वाळू उडते म्हणून खिडक्याही.

शेजारच्या यशोदेने मालवणच्या किल्लीवाल्याला, बाबलीला, फोन लावला. तो म्हणाला, अर्धा तास लागेल.

आधी दूध उतू गेल्याचा वास आला. मग नुसत्या गॅसचा.

"पारय हाडतंय, दारच फोडूया," म्हणत यशोदा पहार आणायला आपल्या घराकडे धावली. हौसाबाई एकटीच दारावर थापा मारत राहिली. आतून हूं नाही की चूं नाही.

तेवढ्यात माडांतून एक माणूस चालत आला. फोन लावून पाच मिनिटंही झाली नव्हती. खांद्यावर पंचा, हात रिकामे.

"बाबली मां रे तू? हत्यारां खंय तुजी?"

तो उंबऱ्याला पाय न लावता पायरीवर बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याने लॅचपाशी तोंड नेलं.

"उघड गो," तो हळूच म्हणाला.

"मेल्या, ता झोपलाहा. दोन वर्साचा चेडू दार कसा उघडतला?"

"तेका नाय सांगलंय."

आतून खटका फिरला.

हौसाबाई आत धावली. गॅसचं बटण बंद होतं. खिडक्या सताड उघड्या. सृष्टी मुठी मिटून झोपलेली, कपाळावर घाम, श्वास संथ. हौसाबाईने तिच्या नाकाशी तीनदा बोट धरून पाहिलं.

सत्तर वर्षांत ती कोणापुढे वाकली नव्हती. बाहेर येऊन तिने हात जोडले.

"देवासारखो इलंस रे बाबा. बस, च्या टाकतंय."

"नको. जातंय."

"जातंय काय म्हणतंस?" तिची जीभ सवयीने सुटली. "कोणाच्या दारातसून निघताना येतंय म्हणूचा. आवशीन शिकवल्यान नाय?"

तो थांबला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणू? तुमी सांगतास?"

"मीच सांगतंय. म्हण."

"बरा. आमी येतांव."

एकटाच होता, तरी आमी म्हणाला.

मग यशोदा पारय घेऊन आली, आणि अर्ध्या तासाने स्कूटरवरून, पिशवीभर हत्यारं घेऊन, बाबली. त्याने लॅच निरखून पाहिलं.

"काकी, ह्येका भायरसून कोणी हात लावूक नाय. आतसून उघडलेला आसा."

"माका म्हायत आसा," हौसाबाई म्हणाली. "च्या घेवन जा."

संध्याकाळी अनुजा लॅच काढून टाकायला निघाली, तर हौसाबाईनेच हात धरला. केलेले उपकार विसरायची रीत या घरात नाही.

रोज दुपारी सृष्टी झोपली की ती गॅस बघते, बाहेर येऊन दार ओढून घेते. पायरीवर गुळाचा खडा आणि पाण्याचे दोन पेले ठेवते. मग सोलं उलथत बसते.

खटका आतून फिरतो. दार उघडतं.

"इलास? बसा," ती मान वर न करता म्हणते.

आत सृष्टी झोपेतच भिंतीकडे सरकते. तिच्या शेजारची चादर हळूहळू खाली दबते.