छान चालताय, अजून तीन मिनिटं

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्याची अख्खी परीक्षा नासवली.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर तीस मीटरचा व्हरांडा आहे. दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू, मधे जमिनीवर पिवळी पट्टी. ती कसली, मला काय ठाऊक. बाबांची फाइल काखेत मारून मी तरातरा आडवी निघाले आणि एका आजींना धडकले. आजी जागच्या जागी थांबल्या. माझा दंड धरून म्हणाल्या, "लागलं नाही ना गं?"

शंकूजवळ एक उंच, गोरा मुलगा उभा होता. गळ्यात स्टॉपवॉच. तो थेट माझ्याकडे बघत, सपाट आवाजात म्हणाला, "तुम्ही छान चालताय. अजून तीन मिनिटं राहिली आहेत."

"मी कशी चालते ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्ही बघायचं जरा कमी करा."

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. घड्याळ बंद केल्यावर मग तोंड उघडलं.

"ते आजींना होतं. सहा मिनिटं चालायची चाचणी असते. दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोलायचं, तेही एकाच सुरात. जास्त कौतुक केलं की माणूस जास्त जोरात चालतो, मग मोजमाप चुकतं."

"म्हणजे कौतुकही मापात?"

"मापातच." तो हसला. "आजींना आता अर्ध्या तासाने पहिल्यापासून चालावं लागेल. तुमच्यामुळे."

आजी म्हणाल्या, "चालते की. तेवढंच दोघांचं भांडण ऐकायला मिळेल."

घरी आल्यावर मी त्याचं नाव घड्याळवाला ठेवलं.

बाबांनी चाळीस वर्षं दगडाच्या लाद्या घासल्या. लाद्या चकचकीत झाल्या आणि धूळ छातीत बसली. आता चपला घालायलाही त्यांना दोनदा थांबावं लागतं. या हॉस्पिटलात, रक्तातला ऑक्सिजन कमी झालेल्यांसाठी एका नव्या औषधाची ट्रायल चालू होती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतीच गोळी, कोणाला काय ते कोणालाच कळणार नाही. ते मला मान्य होतं. माझा डोळा दुसऱ्या गोष्टीवर होता. ट्रायलमध्ये घेतलेल्या प्रत्येकाला घरी ऑक्सिजनचं मशीन मिळणार होतं.

अट एकच. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला की आकडा अठ्ठ्याऐंशी किंवा त्याखाली यायला हवा.

बाबांचा आला एक्क्याण्णव.

"आनंदाची गोष्ट आहे, काका," डॉक्टरीणबाई फाइल मिटत म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला हवे तेवढे आजारी नाही."

"मग मला... दम... का लागतो?" बाबांनी विचारलं. पाच शब्दांना तीन श्वास.

"वय," त्या म्हणाल्या, आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर आल्यावर बाबा बाकावर बसले आणि माझीच समजूत घालायला लागले. "मशीन... खोटं कशाला बोलेल? त्याचं आपल्याशी काय वाकडं?" माझ्या मस्तकात तिडीक गेली. ज्या माणसाला जिना चढता येत नाही, त्याला एक प्लॅस्टिकचा चिमटा सांगतो, तू ठणठणीत आहेस. आणि सगळे शिकलेले लोक चिमट्याचं ऐकतात.

घड्याळवाला चहाच्या मशीनपाशी उभा होता. मी त्याला गाठलं.

"तुमचं ते यंत्र मला लावून दाखवा."

"कशाला?"

"मला बघायचंय ते कुणाला आजारी म्हणतं."

त्याने खिशातून चिमटा काढला आणि माझा हात हातात घेतला. मग बोट दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहिला. "थंड बोटावर नीट येत नाही," तो म्हणाला. बोट केव्हाच गरम झालं होतं... दोघांनाही ते कळलं होतं.

"नखावर रंग आहे," तो म्हणाला.

"रंगाच्या दुकानात काम करते. बाहेरच्या भिंतीचा करडा आहे. लवकर निघत नाही."

"पुसावा लागेल. चिमट्यातून उजेड बोटात जातो, पलीकडे पोचतो किती यावरून आकडा येतो. मधे रंग आला की यंत्र फसतं."

मी हात तसाच ठेवला. "नखावरचा रंग पुसता येतो. कातडीचा कसा पुसणार?"

त्याची नजर नखावरून माझ्या मनगटावर गेली.

"आमच्या दुकानात छटा ओळखायचं मशीन आहे," मी म्हटलं. "त्याच्यापुढे फिकट तुकडा धरला की बरोबर सांगतं. गडद धरला की भरकटतं. मग मी डोळ्यांनी जुळवते. हे आमच्याकडे झाडू मारणाऱ्या काकूंनाही ठाऊक आहे. माझे बाबा किती काळे आहेत, तुम्ही बघितलंत ना?"

त्याचा चहाचा कप तसाच राहिला. तो म्हणाला, "त्या आजी गोऱ्या होत्या. त्यांना ट्रायलमध्ये घेतलं. त्यांच्यापेक्षा जास्त धापा टाकणारी माणसं मी परत जाताना बघितली आहेत. सगळी..."

"सगळी काळी."

"बहुतेक."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी म्हणालो, तुम्ही छान चालताय."

मी हात काढून घेतला. त्या दिवशी मला तो आवडायला लागला होता आणि त्याच दिवशी त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. दोन्ही एकदम होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "रंगाच्या दुकानात बसतेस, बापलेकींनी पांढऱ्याचा एकेक हात मारून घ्या." आयुष्यभर हा विनोद ऐकत आलेय. हसून सोडून द्यायचे. पण माणसांनी रंग बघून वागवावं आणि वरून यंत्रानेही तेच करावं, म्हणजे मग जायचं कुठे?

दुसऱ्या दिवशी, फाइलीतला नंबर बघून, त्याचा फोन आला. "मनगटातून रक्त काढून तपासतात, त्यात खरा आकडा कळतो. नियमात लिहिलंय, शंका असेल तर ते करावं. पण शंका पेशंटने घ्यायची असते. मला अधिकार नाही."

"शंका घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही," मी म्हटलं.

मी बाबांना घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसले. रक्त तपासा, तोवर उठणार नाही, म्हटलं. त्यांनी समजावलं. मग वैतागल्या. शेवटी मला घालवण्यासाठी हो म्हणाल्या. मनगटातली सुई फार दुखते. बाबांनी डोळे मिटले, माझी ओढणी मुठीत धरली.

आकडा आला, पंच्याऐंशी.

डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत राहिल्या. "यंत्रात चार-सहा आकड्यांचा फरक पडतो कधीकधी."

"मग तो फरक दर वेळी आमच्याच वाट्याला कसा येतो?"

दार उघडलं. घड्याळवाला आत आला आणि टेबलावर फाइलींचा गठ्ठा ठेवला. "परत पाठवलेले अकरा जण आहेत, मॅडम. त्यांचंही रक्त बघायला हवं."

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

"नाही," तो म्हणाला, आणि हलला नाही. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

अकरापैकी दोघे तोवर वारले होते. उरलेल्या नवांत सात जणांचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली निघाला. त्या दोघांचा काय होता, ते आता कुठलंच यंत्र सांगणार नाही. हे मी कधी विसरणार नाही, आणि कुणाला विसरूही देणार नाही.

आमच्या घरी मशीन आलं. बाबा आता चपला एका दमात घालतात.

आणि घड्याळवाला दर रविवारी दुकानात यायला लागला. खिडकीच्या चौकटीला रंग हवाय म्हणे. चार रविवार झाले तरी छटा ठरेना.

"एवढी कुठली मोठी खिडकी आहे?" मी विचारलं.

"लहानच आहे... पण बघत बसण्यासारखी."

"फिकट घ्या. सगळे तोच घेतात."

"मला गडद हवाय," तो म्हणाला, माझ्याकडे बघत, आणि या वेळी सुरात अजिबात सपाटपणा नव्हता.

पाचव्या रविवारी त्याने रंग मागितला नाही. घडी घातलेला कागद पुढे सरकवला. हॉस्पिटलचा छापील फॉर्म. 'ट्रायलमधील व्यक्तीच्या कुटुंबाशी आपला काही संबंध आहे का?' पुढे पेनाने 'हो' लिहिलेलं. त्याखाली 'कोणता?' तिथे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, 'तिला विचारून सांगतो.'

मी भडकले. "मला विचारायच्या आधी ऑफिसला कळवलंत?"

"अजून दिलेला नाही. दिला की बाबांची चाचणी मी घ्यायची नाही. त्या व्हरांड्यातूनच मला काढतील, खाली तळघरात गोळ्यांची खोकी मोजायला. पण मोजणाऱ्याच्या मनात काही असेल तर आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? बाबांच्या आकड्यावर पुन्हा कुणी बोट ठेवायला नको. म्हणून... म्हणजे मला असं म्हणायचंय की... तुम्ही जर..."

बोलता बोलता गाडी अडली. रोज शंभर वेळा एकच वाक्य न चुकता म्हणणारा माणूस, स्वतःचं वाक्य आलं तर घामाघूम. दुकानातल्या काकू झाडू टेकवून उभ्या राहिल्या.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

"तू छान बोलतोयस," मी सपाट आवाजात म्हटलं. "अजून तीन मिनिटं राहिली आहेत."

त्याला एकच मिनिट लागलं. मग मी खोडरबर घेतला, त्याचं पेन्सिलीचं वाक्य पुसलं, आणि माझ्या करड्या नखांच्या हाताने त्या जागी पेनाने उत्तर लिहिलं.